मुकी चक्कर

जीपच्या स्टँडवर माणूस आला की विचारतो, गाडी कधी सुटणार, जागा आहे का, टपावर पोतं टाकू का. हा आला आणि म्हणाला, "तुमच्यात सर्वात जास्त वेळा गाडी कोणी पलटवली?"

घाटंजीचा स्टँड होता. कापसाचे ते पडते दिवस. बाजाराच्या दिवशीही जीप भरायची नाही, मग आम्ही ड्रायव्हर लोक जीपच्याच सावलीत पत्ते कुटत बसायचो. समोर उभा राहिलेला माणूस शहरातला दिसत होता, साठीच्या पुढचा, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर खाकी हॅट. उजव्या पायात कॅनव्हासचा बूट होता आणि डावा पाय उघडा. आम्हाला वाटलं, वाटेत कुत्र्यानं बूट पळवला.

सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. खोटं नव्हतं. एकदा मी पुलावरून नाल्यात गेलो होतो आणि एकदा चांगल्या सरळ रस्त्यावर पलटलो होतो. ती दुसरी कशी पलटली, हे मला आजवर कळलं नाही.

पोरीला स्थळ सापडावं तसा त्या माणसाचा चेहरा खुलला. म्हणाला, "बाकीच्यांना गाडीचा काठ माहीत नाही. तू काठावर जाऊन आलेला आहेस. मला असाच माणूस पाहिजे."

माझ्या शेजारचा पत्ते खाली न ठेवता म्हणाला, "साहेब, थो काठावर नाई गेला. काठाखाली गेलता. आमीच वर काढला."

त्यावर साहेब हसले नाहीत. विचारात पडले आणि म्हणाले, "खालचंही माहीत असलं तर अजून चांगलं."

मी चौथी शिकलेला माणूस आहे, तांड्यावरचा. लिहायची सवय नाही. बायको गेली त्याला आता एक पावसाळा होऊन गेला. लोक सांगतात, दिवस जातील तसं हलकं होईल. तसं काही होत नाही, सांगणाऱ्यांनी सांगू नये. पण माणूस एकटा बसला की डोकं जुन्या वाटांनी हिंडतं, आणि माझं डोकं हल्ली सारखं या साहेबांपाशी जाऊन थांबतं. मला वाटायचं, मी त्यांना पुरता ओळखत होतो. आता एकेक आठवतो तर वाटतं, त्या माणसाचं अर्धंसुद्धा मला कळलं नव्हतं. म्हणून लिहून पाहतो.

साहेब यवतमाळचे. जमीन मोजणीच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. घरात वडील वकील, काका मास्तर, सगळे लिहिणारे-वाचणारे. लग्न केलं नाही. धाकट्या विधवा बहिणीसोबत राहायचे. ती माउली एकदा मला म्हणाली होती, दादा जेवताना भातात वरण घालतात तेसुद्धा वळणावर गाडी घातल्यासारखं, आधी बाहेरून, मग आत.

ते खरंच तसे चालायचे. शहरातल्या रस्त्यानं जाताना कोपरा आला की साहेब आधी रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेला जायचे, तिथून तिरपे आत शिरून कोपऱ्यावरच्या पानठेल्याला खांदा घासेल इतके जवळून वळायचे आणि परत बाहेरच्या कडेला निघायचे. समोरून येणाऱ्याला काही कळायचं नाही, तो धडकायचा. धडकलेल्यालाच साहेब विचारायचे, "वळणाआधी पाहिलं होतं का तू पुढं?"

दूधवाला सायकलवरून वळता वळता ब्रेक दाबतो म्हणून त्याला त्यांनी दारात उभं करून समजावलं होतं, की ब्रेक हा सरळ रस्त्यावर दाबायचा, वळताना नाही. दूधवाल्यानं दुसऱ्या दिवसापासून गल्लीच बदलली. बहीण महिनाभर चिडून होती.

आणि तो उघडा पाय. मी पहिल्याच दिवशी विचारलं, कारण मला राहवत नव्हतं. साहेब म्हणाले, "उजवा पाय शिकलेला आहे. डाव्याला आत्ता कुठं ब्रेक शिकवतो आहे, त्याला जमीन कळली पाहिजे." साठीनंतर एका पायाला शाळेत घातलेला माणूस मी तेवढाच पाहिला.

आता मला कशाला नेलं ते सांगतो. घाटंजीच्या बाहेर एक जिनिंग होतं, कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. कापूस येईनासा झाला तसं ते बंद पडलं. मशिना झाकून ठेवलेल्या, फाटकाला कुलूप, आत कापसाच्या गंज्या लावायचं मोठंच्या मोठं सिमेंटचं आवार मोकळं. इतक्या वर्षांच्या रुईनं आणि माणसांच्या पायांनी ते घासून गुळगुळीत झालेलं. जिनिंगचे शेठ साहेबांच्या ओळखीचे. त्यांनी किल्ली दिली होती. अट एकच, कापूस आला की आवार खाली करायचं.

त्या आवारात साहेबांनी सरकीची पोती ठेवून वाट आखली होती. पोत्याला डावीकडून वळसा, पुढच्याला उजवीकडून, मग लांब वळण, मग एकदम आखूड. साहेबांची एक लहान पांढरी गाडी होती. त्या गाडीतून ही वाट जोरात फिरायची. बस. कुठं जायचं नाही, काही आणायचं नाही. मी विचारलं, फिरून काय करायचं. साहेब म्हणाले, "ऐकायचं."

तरुणपणी ते मद्रासकडं नोकरीच्या कामानं गेले होते. तिथं विमानाच्या एका जुन्या पट्टीवर गाड्यांची शर्यत लागलेली त्यांनी पाहिली. मोठ्या गाड्या वळणावर किंचाळत जायच्या, टायर जळायची, लोक टाळ्या पिटायचे. त्यात एक लहानशी गाडी होती, पुढच्या चाकांनी ओढणारी. ती वळणावर काही बोलतच नव्हती. गपचूप यायची, गपचूप जायची आणि दर चकरेला एकेकाला मागं टाकायची. साहेब म्हणायचे, त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं की आवाज म्हणजे वाया गेलेली गाडी. टायर ओरडतं तेव्हा ते सांगत असतं, की मला झेपत नाही.

तेव्हापासून त्यांना एकदा तशी चक्कर पाहिजे होती. त्यांनी तिला नाव दिलं होतं, मुकी चक्कर. सगळी पोती, सगळी वळणं, पूर्ण जोरात, आणि पुढच्या टायरनं कुठंच तोंड उघडायचं नाही. हळू फिरून मुकी राहिली तर ती धरायची नाही. ते म्हणायचे, मुकी तर बैलगाडीही फिरते. ते इंजिनाचा सूर धरून बसायचे. सूर खाली आला की चक्कर मेली.

स्वतः का नाही फिरत, हे मी विचारलं नाही. आठवड्यानं आपोआप कळलं. त्यांनी चहाचा कप ठेवला तो टेबलाच्या बाहेर. कप फुटला. काचबिंदू होता. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं, म्हणाले, नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, आणि नळी रोज बारीक होते आहे. म्हणून ते जिनिंगच्या ओट्यावर बसायचे, तेही आवाराकडं पाठ करून. मी फिरून आलो की पाठमोरेच सांगायचे, "तिसरं पोतं. चाक जास्त फिरवलं." कधी म्हणायचे, "लांब वळणावर घाई केली, पाय हावरट आहे तुझा." एकदाही चुकले नाहीत. मी मुद्दाम खोटं सांगून पाहिलं, की साहेब, तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर बोललं. ते म्हणाले, चौथ्यावरही बोललं, पण ते तिसऱ्याचं रडणं होतं.

मला खोड होती ती जीपची. जीपला मागची चाकं ढकलतात. साहेबांच्या गाडीला पुढची चाकं ओढतात. माझ्यासाठी हा फरक कागदावरचा होता. गाडी वळणावर बाहेर सरकू लागली की मी जीपमध्ये करायचो तेच करायचो, चाक अजून फिरवायचं आणि रेस अजून द्यायची. जीपमध्ये मागचं ढुंगण घसरतं आणि नाक आत येतं. इथं उलटं. जितकं चाक फिरवावं तितकी गाडी सरळ पोत्यावर जायची, अडेल गाढवासारखी.

साहेब मला बैलाच्या भाषेत सांगायचे, कारण मी तांड्यावरचा. म्हणायचे, "तुझे वाडवडील बैल घेऊन मुलूखभर फिरले ना? बैल पुढं असतो. ओढायचं काम त्याचं आणि वळायचंही त्याचं. एकाच्या मानेवर दोन कामं. मग वळताना त्याला पळ म्हणू नको, पळताना वळ म्हणू नको. एका वेळी एक माग." आधी सरळ रस्त्यावर ब्रेक. मग पाय काढून वळायचं. चाक सरळ होऊ लागलं की मग रेस, तीही वाटीनं तेल घातल्यासारखी. आणि नाक बाहेर सरकलंच तर चाक जास्त फिरवायचं नाही, उलट थोडं सोडायचं. हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. खड्ड्यात पडणाऱ्याला सांगायचं, की हात सोड.

त्याहून वाईट दुसरं होतं. वळणाच्या मध्येच घाबरून रेस सोडली की या गाडीचं मागचं अंग हलकं होऊन गरकन फिरतं. साहेबांना ते पाहिजे असायचं, थोडंसं. त्यासाठी मागच्या टायरमध्ये हवा जास्त भरायचे आणि टायरच्या कडेला खडूनं पट्टे ओढून ठेवायचे. फिरून आलं की हातानं चाचपून पाहायचे, खडू कुठवर घासला, टायर किती कुशीवर झोपलं. पण ते मागचं अंग फिरलं की माणसानं काय करायचं? जीपचा ड्रायव्हर रेस सोडतो. मी सोडली. गाडी उलटी फिरून ओट्याला जाऊन टेकली, साहेब बसले होते त्याच ओट्याला. त्यांची हॅट खाली पडली.

त्यांनी हॅट चाचपडत उचलली आणि शांतपणे म्हणाले, "फिरली तेव्हा रेस द्यायची होती."

मी म्हणालो, "साहेब, गाडी भिताडावर जाऊन राह्यली अन् म्या रेस देऊ?"

"पुढची चाकं ओढतात ना? मग ओढून सरळ करतील. तू भिंतीकडं पाहिलं म्हणून भिंतीकडं गेली. जिथं जायचं तिथं पाहत जा."

नळीएवढं दिसणारा माणूस मला पाहायला शिकवत होता. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण घरी गेल्यावर झोप येईना. पाय हलवून पाहायचो अंथरुणावर, फिरली की रेस, फिरली की रेस. बायको म्हणाली, तुम्हाला साहेबाची बाधा झाली.

माझी बायको फुलसावंगीकडच्या तांड्यावरची. बोलायला कमी, पण जे बोलायची ते कापून बोलायची. साहेबांना तिनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, भैताड, म्हणजे वेडसर. त्यांच्या तोंडावर नाही. त्यांच्यासमोर साहेब.

ती तिथं आली ती शेळ्यांमुळं. सरकी म्हणजे शेळ्यांचा जीव की प्राण. फाटकाखालून शेळ्या शिरायच्या आणि वळणंच खाऊन टाकायच्या. आज तिसरं पोतं आहे, उद्या नाही. साहेब वैतागले. मी बायकोला राखणीला आणून बसवलं. मग साहेबांनी पोत्यांत रेती भरली, म्हणजे राखणीचं काम संपलं, तर साहेबांना नवी शंका आली की मागच्या सीटवर वजन असलं तर गाडी कशी वागते. ते मला म्हणाले, तुमच्या घरच्यांना विचारून पाहा, बसतील का. मी विचारलं. ती म्हणाली, "आतापर्यंत शेळ्या हाकल्या, आता पोतं व्हा. बसतो."

ती मागं बसली. मी फिरवायचो, ती दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसायची, कोपरापर्यंतच्या बांगड्या खणखणायच्या. मला वाटलं होतं घाबरेल, ओकेल. ती पाहत बसायची. साहेब वाट आखून झाली की गाडीत बसण्याआधी मला पूर्ण वाट पायी चालायला लावायचे, माझ्या खांद्यावर हात ठेवून सोबत चालायचे. तर ही पण मागून चालायला लागली. मी म्हणालो, तुला काय करायचं. म्हणाली, मला बसायचं आहे ना त्यात, कुठं आपटणार ते पायानं पाहून ठेवते.

दुपारी जेवण झालं की साहेब ओट्यावर आडवे व्हायचे, मी गाडीची हवा पाहायचो. गाडी उन्हातून कडुनिंबाखाली लावायची असली की ती लावायची. सुरुवातीला मीच तिला गिअर दाखवला होता. पुढं ती सावलीत लावायच्या आधी आवारातून एक फेरी मारून आणायला लागली. साहेब घोरत असायचे. मीही लक्ष दिलं नाही. बाई माणूस, गंमत म्हणून फिरवते, एवढंच वाटलं. मग फेऱ्या वाढल्या. एकदा मी वाकून टायर पाहिलं तर खडूची रेघ जवळजवळ तशीच होती. मी समजलो, हळू फिरवली असणार.

गावात लोक साहेबांवर हसायचे. काहींना चीड यायची. लोकांच्या घरात कापसाला भाव नाही म्हणून तोंडं पडलेली, आणि हा म्हातारा कापसाच्याच आवारात पेट्रोल जाळून खेळतो. स्टँडवरचे मला म्हणायचे, तुझ्या साहेबाले सांग, नांगराले जुंप म्हणा थे गाडी. मलाही कधी कधी तसंच वाटायचं.

मग एका वर्षी पाऊस वेळेवर पडला. नवं बियाणं आलं होतं, बोंडं धरली. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंनी शेतं फुटू लागलेली दिसायची, माणसं बांधावर उभी राहून बोलायची, हसायची. शेठ स्वतः आले. मशिनांवरची ताडपत्री काढली, तेलपाणी केलं. साहेबांना म्हणाले, "दसरा झाला की गंजी लागन साहेब. आता तुमचे पोते उचला."

साहेबांनी त्यांचं अभिनंदन केलं, हात हातात घेऊन केलं. शेठ गेले. मग मला म्हणाले, "एक सांगू? या आख्ख्या जिल्ह्यात पीक चांगलं आलं म्हणून घाबरलेला मी एकटा माणूस आहे. कोणाला सांगू नको."

मी म्हणालो, दुसरी जागा पाहू. ते म्हणाले, जागा सापडेल रे, डोळे कुठं सापडतात. डॉक्टरनं सांगितलं होतं, उजेड आणि अंधार एवढंच राहील, आणि तेही किती दिवस ते नाही सांगता येणार. ते तर आवाराकडं पाठ करून बसायचे, कानांनीच पाहायचे, मग डोळ्यांची एवढी भीती कशाला, असं मला वाटलं. मी विचारलंही. ते उत्तर मला त्यांच्याकडून कधीच मिळालं नाही.

त्यानंतरचे दिवस मी जीव तोडून फिरवली. जीप सोडून दिली, मालकाला सांगितलं दसऱ्यानंतर येतो. सकाळी जायचो, ऊन चढेपर्यंत फिरायचो. मला ती चक्कर त्या माणसाला द्यायची होती. दुसरं काही नव्हतं त्यात. आणि रोज एखाद्या तरी पोत्याशी टायर बोलायचंच. पाठमोरे साहेब म्हणायचे, दुसरं. आखूड वळण. तिसरं, पण आज कमी. आवाजात राग नसायचा, तेच मला लागायचं.

दसरा झाला. शेठनी निरोप पाठवला, उद्यापासून गाड्या येणार. त्या शेवटच्या सकाळी साहेबांना बहिणीनं स्टँडवरून रिक्षातून आणून सोडलं, कारण आता त्यांना फाटकही दिसत नव्हतं. मी हात धरून ओट्यावर बसवलं. त्यांनी उघडा पाय सिमेंटवर टेकवला, हॅट मांडीवर ठेवली आणि म्हणाले, चल.

मी फिरलो. तिसरं. परत फिरलो. लांब वळण. परत. एकदा सगळं साधलं आणि शेवटच्या पोत्यापाशी माझ्या पायानं जीप केली, टायर असं किंचाळलं की कडुनिंबावरचे कावळे उठले. मी गाडी थांबवली, उतरलो, दार आपटलं आणि माठाकडं पाणी प्यायला गेलो. साहेबांना म्हणालो, "नाई होत साहेब. पाय ऐकूनच नाई राह्यला."

"अजून एकदा," साहेब पाठमोरे म्हणाले.

मी पाणी पीत होतो. बायको मागच्या सीटवरून उतरली, पुढं बसली, दार हळू लावलं. मी तिला थांबवायला पाहिजे होतं. थांबवलं नाही, कारण मला पाहायचं होतं.

इंजिनाचा सूर चढला आणि चढलेलाच राहिला. ती पहिल्या पोत्याकडं गेली तेव्हा तिचं तोंड दुसऱ्याकडं वळलेलं होतं. दुसऱ्याशी आली तेव्हा तिसऱ्याकडं. चाक हातात असं फिरवत होती जसं जातं फिरवावं, झटका नाही. लांब वळणावर मागचं अंग जरासं बाहेर आलं. मी मनात म्हणालो, गेली. तिनं रेस दिली आणि गाडी ओढून सरळ झाली. तिच्या पायात जीप नव्हतीच. सोडायला कसली खोड नव्हती तिच्यापाशी. आखूड वळण, शेवटचं पोतं, आणि ती निंबाखाली येऊन थांबली. टायर एका शब्दानं बोललं नाही. मला बांगड्यांचा आवाज तेवढा ऐकू आला.

साहेबांनी काही सांगितलं नाही. पोतं नाही, वळण नाही. हॅटची कड बोटांनी चाचपत होते. मग विचारलं, "कोण होतं?"

"आमची घरची," मी म्हणालो.

साहेब उभे राहिले. मी हात द्यायला गेलो तर म्हणाले, राहू दे, आणि हात पुढं करून एकटे निंबाच्या दिशेनं चालू लागले. गाडी हाताला लागली. तिला म्हणाले, "बाई, मला शेजारी बसवून एकदा फिरवता का? आता पुन्हा नाही व्हायचं."

तिनं आतून दार उघडून दिलं.

मी ओट्यापाशी उभा राहिलो. आता आत बसून ते स्वतः अनुभवतील, इतक्या वर्षांचं मागणं पुरं होईल, असं मला वाटत होतं. गाडी सुटली आणि पहिल्याच पोत्याशी टायर ओरडलं. दुसऱ्याशी ओरडलं. तिसऱ्याशीही. मी डोक्याला हात लावला. आधी जमलं ते नशिबानं, आता साहेब बाजूला बसले म्हणून हात थरथरले असणार. लांब वळणावर टायर लांब ओरडलं, आखूड वळणावर तोडून ओरडलं. एकही पोतं सुटलं नाही.

गाडी माझ्या समोरून गेली तेव्हा मी साहेबांना पाहिलं. त्यांनी बोट वर केलं होतं. टायर बोललं की ते त्या पोत्याकडं बोट दाखवायचे, अगदी बरोबर तिथं, आणि तोंड उघडं टाकून हसायचे. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला पुन्हा फिरवायला लावलं. मग पुन्हा. पेट्रोलचा काटा खाली बसेपर्यंत ते दोघं फिरत होते.

संध्याकाळी साहेबांची बहीण त्यांना घेऊन गेली. पोती आम्ही दोघांनी उचलली आणि भिंतीशी लावली. परतीच्या जीपमध्ये बायको खिडकीशी बसली होती. माझ्या मनात ते सलत होतं, मी विचारलं, "एक चक्कर मुकी मारली तं साहेब बसल्यावर काय झालं? हात थकले काय?"

ती माझ्याकडं वळली नाही. म्हणाली, "हात कायले थकन. साहेबाच्या पुढं अंधार होता. मुकी फिरवली असती तं त्यायले कसं समजलं असतं का आपण कुठं वळून राह्यलो? म्हून दर पोत्यापाशी टायरले थोडं थोडं बोलवलं."

समोरून कापसाच्या बैलबंड्या येत होत्या, एकीमागं एक, जिनिंगकडं जाणाऱ्या. आमच्या ड्रायव्हरनं जीप कडेला घेतली आणि शेवटची बंडी जाईपर्यंत आम्ही तिथं थांबून राहिलो.